चिठ्ठीवर औषध लिहिण्याआधी

डॉक्टर तपासतात, दोन-चार प्रश्न विचारतात आणि चिठ्ठीवर औषध लिहून देतात. काही मिनिटांत सगळं उरकतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, यात प्रश्न एकच: आजार कोणता आणि त्यावर औषध कोणतं. त्याचं उत्तर वैद्यकशास्त्र देतं. पण त्याच काही मिनिटांत डॉक्टरांना आणखीही बरंच ठरवावं लागतं आणि त्याची उत्तरं औषधशास्त्रात सापडत नाहीत. या माणसाला औषधाची खरंच गरज आहे, की तो रिकाम्या हाती परत जायला तयार नाही म्हणून मी लिहितोय? दुष्परिणाम किती आणि कसे सांगायचे? दहा औषधांमधून नेमकं हेच मला का आठवलं? ते याला परवडेल का? याला दिलेल्या औषधाचा आणखी कुणावर परिणाम होणार आहे का?

वैद्यकीय नीतिशास्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे व्हेंटिलेटर, अवयवदान, इच्छामरण असे मोठे पेच उभे राहतात. मला मात्र वाटतं की डॉक्टरांच्या नीतीचा खरा कस या साध्या चिठ्ठीत लागतो. मोठे पेच क्वचित येतात, चिठ्ठी रोज लिहिली जाते. शिवाय हा व्यवहार जरा वेगळाच आहे. औषध निवडतो एक, ते पोटात जातं दुसऱ्याच्या आणि कित्येकदा पैसे भरतो तिसरा. ज्याच्या शरीरात ते औषध जाणार, त्याला ही निवड बरोबर की चूक हे ताडून पाहायची सोय जवळपास नसते. विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं आणि म्हणूनच तो विश्वास सांभाळण्याची जबाबदारी डॉक्टरांवर येते.

वैद्यकीय नीतीची चार तत्त्वं जगभर शिकवली जातात: रुग्णाचं भलं करा, त्याला अपाय होऊ देऊ नका, त्याच्या निर्णयाचा मान राखा आणि सगळ्यांना न्यायाने वागवा. पाठ करायला ती सोपी आहेत. ती एकमेकांच्या आड येऊ लागली की खरी अडचण सुरू होते.

सर्दीसाठी अँटिबायोटिक

सर्दी, घसा बसणं, साधा खोकला हे आजार बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतं. तरीही सर्दीसाठी अँटिबायोटिक लिहून दिलं जातं आणि जगात सगळीकडे दिलं जातं. म्हणजे प्रश्न ज्ञानाचा नाही.

मग कशाचा आहे? या विषयावर गेली काही दशकं अभ्यास झाले आहेत आणि त्यातून एक गोष्ट वारंवार पुढे आली. रुग्णाला किंवा मुलाच्या आईवडिलांना खरोखर काय हवं होतं, यापेक्षा ‘यांना अँटिबायोटिक हवं असणार’ या डॉक्टरांच्या अंदाजावर चिठ्ठी जास्त अवलंबून असते. आणि हा अंदाज पुष्कळदा चुकतो. आईवडिलांना हवा असतो धीर, चार समजावणीचे शब्द आणि ‘गंभीर काही नाही ना’ याचं उत्तर. हाती पडते ती गोळी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तर असं दिसलं की डॉक्टर कामाला बसल्यापासून जसजसे तास सरत जातात, तसतसं श्वसनमार्गाच्या साध्या आजारांसाठी अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण वाढत जातं. ‘याची गरज नाही’ हे नीट पटवून द्यायला वेळ आणि चिकाटी लागते. चिठ्ठी लिहायला अर्धं मिनिट पुरतं.

या अर्ध्या मिनिटाची किंमत कोण चुकवतं, हे पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच सांगून ठेवलं होतं. नोबेल पुरस्काराच्या व्याख्यानात त्यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो. तो पेनिसिलिन विकत आणतो आणि जंतू मरणार नाहीत, पण औषधाला सरावतील इतकंच घेतो. मग त्याच्याकडून बायकोला संसर्ग होतो, तिला न्यूमोनिया होतो. तिला पेनिसिलिन दिलं जातं, पण जंतू आता त्याला दाद देत नाहीत आणि ती दगावते. फ्लेमिंग यांचा प्रश्न असा होता की या मृत्यूला जबाबदार कोण. २०१९ या एका वर्षात अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा जगभरातला अंदाज १२ लाख ७० हजारांच्या घरात आहे. ती काल्पनिक बाई आता काल्पनिक राहिलेली नाही.

इथे लोक म्हणतात की डॉक्टरांपुढे धर्मसंकट असतं: समोरच्या रुग्णाचं हित पाहायचं की समाजाचं? साध्या सर्दीच्या बाबतीत मला हे संकट खोटं वाटतं. विषाणूच्या आजारात अँटिबायोटिकने समोरच्या रुग्णाचाही काही फायदा होत नाही. झालाच तर अपाय होतो: जुलाब, अंगावर पुरळ किंवा ॲलर्जी. दोघांचंही हित औषध न देण्यातच असतं.

खरा पेच येतो तो शंकेच्या जागी. वय झालेला रुग्ण, ताप चढलेला, श्वास वाढलेला. न्यूमोनिया असू शकतो, नसूही शकतो. तपासणीचा अहवाल यायला वेळ आहे. अशा वेळी थांबून राहिलं आणि रक्तात जंतू पसरले तर जीव जाऊ शकतो. तेव्हा औषध ताबडतोब सुरू करणं हेच योग्य. पण जबाबदारी तिथे संपत नाही. दोन-तीन दिवसांत अहवाल पाहून ते औषध थांबवायचं, बदलायचं की साध्या औषधावर आणायचं, हा निर्णय पुन्हा घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकचे तीन गट पाडले ते याचसाठी: नेहमी वापरायची, जपून वापरायची आणि दुसरं काहीच चालेनासं झालं तरच काढायची. शेवटच्या गटातलं औषध सहज लिहिणं म्हणजे उद्याच्या एखाद्या रुग्णाच्या वाट्याचं आजच खर्च करून टाकणं.

यावर एक चांगला मध्यममार्ग काही देशांत रुळला आहे. डॉक्टर चिठ्ठी देतात, पण सांगतात की आज औषध घेऊ नका. दोन-तीन दिवस वाट पाहा, अमुक लक्षणं वाढली तरच सुरू करा. अशा चिठ्ठीतलं औषध बऱ्याच जणांना घ्यावंच लागत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. रुग्णाला सुरक्षित वाटतं आणि औषधही वाचतं.

‘दुप्पट धोका’ म्हणजे किती?

ऑक्टोबर १९९५. ब्रिटनमधल्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवलं की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बातमी पसरली, बायका घाबरल्या आणि अनेकींनी गोळ्या अचानक बंद केल्या. आता ‘दुप्पट’ म्हणजे किती ते पाहा. जुन्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७,००० स्त्रियांमध्ये एकीला गुठळी होत होती, नव्या गोळ्यांनी ते प्रमाण ७,००० मध्ये दोघींवर गेलं होतं. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो.

समिती खोटं बोलली नव्हती. पण खरी गोष्ट ज्या पद्धतीने सांगितली गेली, तिच्यामुळेच नुकसान झालं. औषधाची माहिती रुग्णाला द्यायची, त्याची संमती घ्यायची हे आता सगळेच मान्य करतात. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात स्पष्ट केलं की कोणता धोका सांगायचा हे डॉक्टरांच्या सोयीने ठरणार नाही. त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगायलाच हवा. गायकाला आवाजावर होणारा परिणाम कळला पाहिजे, ट्रक चालवणाऱ्याला झोप येण्याची शक्यता कळली पाहिजे. म्हणजे हे सांगण्याआधी रुग्ण काय करतो, कसा जगतो, हे डॉक्टरांनी विचारलेलं असलं पाहिजे.

पण सांगण्यालाही एक किंमत असते. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधं अंगदुखीसारख्या त्रासामुळे ज्यांनी सोडून दिली होती, अशा ६० जणांवर एक प्रयोग झाला. त्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटूनपालटून देण्यात आलं. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्टॅटिन घेताना जेवढा त्रास व्हायचा, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास पोकळ गोळी घेतानाही होत होता. त्रास खरा होता, पण त्याचा मोठा भाग ‘त्रास होणार’ या धास्तीतून येत होता.

मग लपवायचं का? अजिबात नाही. लपवलं आणि पुढे रुग्णाला कळलं, तर तो त्या डॉक्टरवर काय, पुढच्या कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवणार नाही. उपाय मांडणीत आहे. ‘दोन टक्के लोकांना मळमळ होते’ आणि ‘१०० पैकी ९८ जणांना काहीच होत नाही, दोघांना मळमळ होते आणि बहुधा ती आठवड्याभरात थांबते’ या दोन वाक्यांतलं सत्य एकच आहे. दुसरं ऐकणारा माणूस घरी जाऊन औषध घेतो.

याच प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे पोकळ गोळी मुद्दाम देणं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८०७ मधल्या एका पत्रात आपल्या ओळखीच्या एका यशस्वी वैद्याबद्दल लिहिलं आहे. तो बाकी सगळ्या औषधांपेक्षा पावाच्या गोळ्या आणि रंगीत पाण्याचे थेंबच जास्त देत असे आणि जेफरसन यांना हे सद्हेतूने केलेलं फसवणं वाटत होतं. शतकभराहून अधिक काळ डॉक्टरांनाही तसंच वाटत आलं. २०१० मधल्या एका छोट्या अभ्यासाने हा समज हलवला. पोटाच्या जुनाट तक्रारीच्या रुग्णांना स्पष्ट सांगितलं गेलं की या गोळीत औषध नाही, तरी काही जणांना तिने बरं वाटतं. काहीच उपचार न मिळालेल्यांपेक्षा या रुग्णांना जास्त आराम पडला. अभ्यास जेमतेम ८० जणांचा होता, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. पण ‘रुग्णाच्याच भल्यासाठी खोटं बोलावं लागतं’ हा युक्तिवाद आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही.

हेच औषध का आठवलं?

कुठल्याही डॉक्टरला विचारा, कंपनीच्या भेटवस्तूंमुळे तुमची चिठ्ठी बदलते का. बहुतेक जण मनापासून नाही म्हणतील. आणि ते खोटं बोलत नसतात. प्रभाव पडतो तो आपल्या नकळत. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने औषध कंपन्यांना डॉक्टरांवर केलेला खर्च जाहीर करावा लागतो. ती आकडेवारी चिठ्ठ्यांशी ताडून पाहिल्यावर २०१६ मध्ये दिसलं की कंपनीच्या खर्चाने एक साधं जेवण घेतलेले डॉक्टरही त्या कंपनीचं औषध इतरांपेक्षा जास्त लिहीत होते. जेवणं जितकी जास्त, तितकं प्रमाण जास्त. जेवणामुळेच चिठ्ठी बदलली असं यावरून सिद्ध होत नाही, आधीपासून ते औषध पसंत असलेले डॉक्टरच कंपनीच्या कार्यक्रमांना जात असतील. पण कंपन्या वर्षानुवर्षं या जेवणांवर पैसा ओततात. ते वाया जातात असं त्यांना वाटत असतं, तर त्यांनी ते कधीच थांबवलं असतं.

जेवणाचा प्रभाव निदान दिसतो. माहितीतून येणारा प्रभाव दिसतच नाही. १९८० मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, त्यात व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांची आढळली, एवढंच त्यात होतं. हे रुग्ण रुग्णालयात होते, देखरेखीखाली होते. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हतं. पुढे मात्र ६०० हून अधिक लेखांनी त्या पत्राचा हवाला दिला आणि बहुतेकांनी ‘या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणूनच दिला. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे याच वर्गातलं वेदनाशामक बाजारात आलं आणि पर्ड्यू फार्मा कंपनीने ते जोरात खपवलं. व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा तिच्याशी संलग्न असलेल्या पर्ड्यू फ्रेडरिक कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला. तोपर्यंत असंख्य घरं उद्ध्वस्त झाली होती.

त्या गोळ्या लिहिणारे सगळे डॉक्टर लोभी नव्हते. वेदनेकडे दुर्लक्ष करू नका, असंच त्यांना शिकवलं गेलं होतं आणि ते शिकवणं चांगलंच होतं. पण हेतू चांगला असला म्हणून डॉक्टरांची सुटका होत नाही. ‘हे मला कुणी सांगितलं आणि त्याला यात काय मिळतं?’ हा प्रश्न विचारणं हासुद्धा त्यांच्या कर्तव्याचाच भाग आहे.

आणि यानंतर जे झालं तेही तितकंच क्लेशदायक होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ज्या रुग्णांचा वर्षानुवर्षं त्या औषधांवर जम बसला होता, त्यांची औषधं एकाएकी तोडली जाऊ लागली. असह्य वेदना, औषध तुटल्याचा शारीरिक त्रास, आत्महत्येचे विचार हे सगळं वाढलं आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाला इशारा द्यावा लागला की ही औषधं अचानक बंद करू नका. जगाच्या मोठ्या भागात तर शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णालाही मॉर्फिन मिळत नाही. औषध स्वस्त आहे, जुनं आहे, परिणाम माहीत आहेत. तरी भीतीपोटी ते लिहिलं जात नाही. गरजवंताला औषध न देणं हाही अपायच आहे, ही गोष्ट नीतीच्या चर्चेत फार कमी बोलली जाते.

औषध तेच, हात वेगळे

थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं. निर्धोक झोपेचं औषध म्हणून त्याची जाहिरात झाली, गरोदरपणातल्या मळमळीवरही ते दिलं गेलं. १९६१ मध्ये ते मागे घेतलं जाईपर्यंत जगभरात १०,००० हून अधिक बाळं हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या अधिकारी अडून बसल्या. पुरावा पुरेसा नाही म्हणून त्यांनी दबावाला न जुमानता परवानगी दिली नाही आणि तिथलं मोठं संकट टळलं.

हेच थॅलिडोमाइड आज कुष्ठरोगातल्या एका वेदनादायक गुंतागुंतीवर आणि मल्टिपल मायलोमा या कॅन्सरवर उपयोगी पडतं. फरक वापरण्यात आहे: गर्भधारणेची तपासणी, गर्भनिरोधनाची सक्ती, प्रत्येक रुग्णाची नोंद. मान्यता नसलेल्या कारणासाठी औषध वापरणं हेही सर्रास चालतं, विशेषतः लहान मुलांमध्ये, कारण मुलांवर चाचण्या कमी होतात. ते आपोआप चुकीचं ठरत नाही. पण तेव्हा पुरावा आहे का, रुग्णाला तसं स्पष्ट सांगितलं का आणि पुढे लक्ष ठेवलं जातंय का, याची जबाबदारी वाढते. २०२० मध्ये कोव्हिडवर उपयोग होईल या आशेने हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर उड्या पडल्या. कोव्हिडवर ते निरुपयोगी ठरलं आणि ल्युपस या प्रतिकारशक्तीच्या आजाराच्या ज्या रुग्णांना ते खरोखर लागत होतं, त्यांना मिळेनासं झालं.

स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी चिठ्ठी लिहिणं शक्यतो टाळा, असंही डॉक्टरांना सांगितलेलं असतं. आपल्या माणसाबाबत नजर निर्मळ राहत नाही आणि नाजूक प्रश्न विचारायचे राहून जातात.

कमी करण्याचं धाडस

औषध सुरू करणारे खूप असतात, थांबवणारं कुणी नसतं. एक नेहमीचं उदाहरण घ्या. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू होतं. काही जणांच्या पायांना त्याने सूज येते. सूज हा नवा आजार समजून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. त्या गोळीने पोटॅशियम कमी होतं, मग त्यासाठी तिसरं औषध. वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून रात्री उठताना रुग्ण पडतो. प्रत्येक पायरी त्या त्या क्षणी रास्त वाटते, पण पहिल्या गोळीकडे वळून पाहायला कुणाला सवड नसते. उतारवयात चार डॉक्टरांकडून दहा औषधं चालू असतील, तर हे घडण्याची शक्यता खूपच वाढते.

दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करायला संकोच वाटतो. बंद केलं आणि काही झालं तर दोष माझ्यावर येईल, ही भीतीही असते. चालू ठेवल्याने काही झालं तर दोष कुणाचाच नसतो. मला हा हिशेब अन्यायाचा वाटतो. औषध न थांबवणं हाही एक निर्णयच आहे आणि त्याचेही परिणाम रुग्णालाच भोगावे लागतात.

इथे रुग्ण बरंच काही करू शकतो. वर्षातून एकदा तरी घरातली सगळी औषधं, दुकानातून आपणहून आणलेली, जडीबुटीची, व्हिटॅमिनची, डोळ्यांतले थेंबसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि प्रत्येकाबद्दल विचारावं: हे कशासाठी आहे, अजून लागतं का, किती दिवस घ्यायचं, नाही घेतलं तर काय होईल? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. परवडत नसेल तर तेही तिथेच सांगावं. पैसे पुरवायचे म्हणून गुपचूप एक दिवसाआड गोळी घेणारे कितीतरी जण असतात आणि डॉक्टर मात्र औषध लागू पडत नाही असं समजून डोस वाढवत राहतात. आणि काही औषधं स्वतःच्या मनाने एकदम कधीही सोडू नयेत. फिट्सवरची, नैराश्यावरची, झोपेची, स्टेरॉइड, हृदयाचे ठोके मंद करणारी बीटा ब्लॉकर ही त्यातली. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानेच उतरवायची असतात.